गुणाला गुण

आपल्या भाषेत काही शब्द दोन घरी नांदतात. ‘गुण’ हा त्यांतलाच. ‘पोरगा गुणाचा आहे हो,’ असे आजी म्हणते तेव्हा तिच्या मनात एक असते. आणि ‘पोराला गुण किती पडले?’ असे शेजारीण विचारते तेव्हा तिच्या मनात अगदी दुसरे असते. वीस वर्षे मराठी शिकवून माझा या शब्दाशी रोजचा संबंध. पण एका घरचा गुण दुसऱ्या घरच्या गुणाने मोजता येतो का, हा प्रश्न मला कुठल्या चर्चासत्राने घातला नाही. तो घातला पोरांच्या एका खेळाने, आणि तोही मनोरीला.

गेल्या वर्षी नाताळ उलटल्यावर माझा भाचा आणि त्याच्या कॉलेजातली चार मुलेमुली तिकडे निघाली. ‘बरोबर कोणी मोठे असेल तरच,’ अशी वहिनींनी अट घातली आणि मोठेपणाचा मान मला मिळाला. मार्वेच्या धक्क्यावर फेरीबोटीत चढायचे, माणसे, स्कूटरी आणि मासळीच्या रिकाम्या पाट्या यांच्यात अंग चोरून उभे राहायचे, आणि खाडी ओलांडली की मुंबईत असूनही मुंबई संपते. मला वाटले, मुले दिवसभर समुद्रावर हुंदडतील आणि मी ओटीवर बसून अंतर्गत परीक्षेचा गठ्ठा हातावेगळा करीन. झाले भलतेच. ओटीच्या एका टोकाला मी गुण देत बसले, आणि दुसऱ्या टोकाला, मेजाभोवती कोंडाळे करून, त्यांनीही तेच चालवले होते!

खेळाचे नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांचा हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. यात एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात – कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर – आणि आपले पात्र काय करते, काय बोलते ते ऐनवेळी ठरवतात. कोकणातल्या दशावतारात नाही का, कथा ठाऊक असते पण संवाद उभ्या उभ्या सुचावे लागतात, तसेच. फरक एवढाच की इथे कथेचा शेवटही कोणाला ठाऊक नसतो, आणि बेत साधला की फसला ते वीस बाजूंचा फासा सांगतो. पराक्रमाबद्दल पात्राला ‘अनुभव-गुण’ मिळतात. ते साठले की पात्र एक पायरी वर चढते.

आता पराक्रम कशाला म्हणायचे? पहिल्या नियमांत हिशेब सरळ होता: राक्षस मारा, खजिना आणा, गुण घ्या. अशा हिशेबात साधू काय आणि दरोडेखोर काय, दोघांचा धंदा एकच होणार. म्हणून १९७९ च्या मार्गदर्शक ग्रंथात गायगॅक्सने सूत्रधाराच्या हाती चक्क प्रगतिपुस्तक दिले. प्रत्येकाने भूमिका कितपत निभावली ते पाहून चारांपैकी एक प्रत लावायची. उत्तम खेळणाऱ्याला वरच्या पायरीसाठी एक आठवड्याची तालीम पुरे. अगदी वाईट खेळणाऱ्याला चार आठवडे, आणि खर्च ज्याचा त्याने सोसायचा. छाती काढून चालून जाणारा चोर आणि मागे रेंगाळणारा योद्धा यांना त्यात खालची प्रत! मला हसू आले. योद्धा भेदरलेला असला तर त्याची गोष्ट अधिकच ऐकण्यासारखी नव्हे का? २०१४ च्या आवृत्तीने थोडे शहाणपण दाखवले. पात्राचा स्वभाव, आदर्श, जिव्हाळ्याचे नाते आणि एक वैगुण्य आधीच लिहून ठेवायचे. त्यांना धरून खेळले तर सूत्रधार ‘स्फूर्ती’ देतो. ती साठवता येत नाही. खर्ची घातली की फासा दोनदा टाकून चांगला आकडा घ्यायचा, बस्स.

मनोरीच्या मंडळींनी यावरही ताण केली. सूत्रधार होती एक चष्मेवाली मुलगी. तिने ठरवले, स्वभावाला धरून वागाल त्या प्रत्येक वेळी दहा गुण. पहिल्या दिवशी बहार आली. दुसऱ्या दिवशी, भाच्याच्या पात्राचा स्वभाव ‘दयाळू’ असल्यामुळे, ते गावात शिरताच आधी भिकाऱ्याची चौकशी करू लागले. भिकारी नसला तर भाच्याचा चेहरा पडे! चित्रगुप्ताच्या वहीवर डोळा ठेवून दानधर्म करणारी काही थोर माणसे मला आठवली. दुसऱ्या एकाचा गळा उत्तम. तो राजासारखे बोले, म्हाताऱ्यासारखे खोके, आणि प्रत्येक आवाजाचे दहा गुण वसूल करी. वर्गातही ‘सहभागा’चे गुण बहुधा बोलक्यांच्याच पदरात पडतात.

यांच्यात एक मुलगा मात्र फार कमी बोलणारा. बोलताना अडखळे, म्हणून वाक्य मनात जुळवून मगच तोंड उघडी. तोवर दुसऱ्याची पाळी आलेली असे. त्याने घेतलेले पात्र होते एक नावाडी – भाऊ बुडाल्यापासून पाण्याला भिणारा. दोन दिवस त्याच्या नावावर सर्वांत कमी गुण. तिसऱ्या संध्याकाळी गोष्टीतली सगळी मंडळी राक्षसांच्या तावडीतून सुटून खाडीपार आली, होडीत खजिना. पण एक जखमी म्हातारी पलीकडच्या तीरावर राहिली होती. राजाने भाषण सुरू केले. भाच्याच्या दयाळूपणाने मान खाली घातली. फाशाचे लक्षण बरे नव्हते. तेवढ्यात हा मुलगा म्हणाला, “मी होडी परत नेतो.”

चारच शब्द. फासा पडला तो जेमतेम. म्हातारी वाचली, होडी आणि तिच्यातला सगळा खजिना मात्र खाडीच्या तळाशी गेला.

मग वाद पेटला. “हा पाण्याला भितो. हे त्याच्या स्वभावाला धरून नाही. गुण शून्य!” राजेसाहेब गरजले. नियमाप्रमाणे त्यांचे चुकत नव्हते. सूत्रधार माझ्याकडे वळली. “मॅडम, तुम्ही सांगा. तुम्ही रोज गुण देता.”

मी म्हटले, “भित्रा माणूस भ्यायला, यात मोजायचे काय? तो भीत भीत गेला, तेव्हा आपल्याला कळले की हा कोण आहे.”

“आत्या, असा नियम आहे एका खेळात!” भाचा ओरडला. तो खेळ म्हणजे क्लिंटन निक्सनचा २००४ सालचा ‘द शॅडो ऑफ येस्टरडे’. तिथे पात्राने स्वभावाची ‘किल्ली’ घ्यायची. भित्र्याची किल्ली घेतली तर संकट टाळल्याबद्दल गुण मिळत राहतात. पण एके दिवशी त्याने मागचापुढचा विचार न करता लढाईत उडी घेतली, तर ती किल्ली टाकून देऊन एकदम दहा गुण घेता येतात. माणूस बदलतो, त्याची किंमत त्या खेळाने ओळखली होती.

आपल्याकडेही मोक्षपट आहे. परंपरा त्याचे जनकत्व ज्ञानेश्वरांकडे देते. सद्‌गुणाच्या शिडीने वर, दुर्गुणाच्या सापाने खाली. पट मोठा सुंदर. पण शिडी मिळते ती कवड्यांच्या दानाने, खेळणाऱ्याला त्यासाठी काही सोडावे लागत नाही. नावाड्याला दान पडण्याआधीच सोडावे लागले होते.

चौथ्या दिवशी मुलांनी आपला नियम बदलला. आवाजाला गुण नाहीत, भिक्षेला नाहीत. खेळ संपला की प्रत्येकाने दुसऱ्या कोणाचा तरी असा एक निर्णय सांगायचा, ज्यापायी त्याच्या पात्राला काही गमवावे लागले. सर्वांना पटला तर गुण. स्वतःचे नाव घ्यायचे नाही. भिकाऱ्यांना त्या दिवशी उसंत मिळाली. आणि रात्री दुसऱ्याचा निर्णय सांगायला सर्वांआधी तो अडखळणारा मुलगाच पुढे झाला. त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत राजेसाहेबही थांबले होते.

‘गुण’ या शब्दाचे तिसरे घर सांगायचे राहिलेच. औषधाला गुण येतो, असे आपण म्हणतो. तो औषध किती पाजले यावर ठरत नाही. माणूस उठून बसला की कळतो. पोरांना आपण जे गुण देतो – खेळातले काय, परीक्षेतले काय – त्यांनाही अधूनमधून गुण यावा, एवढीच इच्छा.