कासच्या रस्त्यावर, सोमवारी

मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात पेडर रोड ठाण मांडून बसलेला असतो. पहाटेच्या अंधारात सीएसएमटीहून निघायचं, सी लिंकवरचा वारा अंगावर घ्यायचा, परत फिरायचं आणि पस्तिसावा किलोमीटर मागे पडल्यावर, अंगातली साठवलेली शक्ती तळाला गेलेली असताना, हाजी अली ओलांडून तो चढ चढायचा. टॅक्सीतून जाणाऱ्याला तिथे चढ आहे हे जाणवतसुद्धा नाही. धावणाऱ्याला मात्र तिथला प्रत्येक विजेचा खांब लक्षात राहतो.

त्या चढासाठी पाय तयार करायचे म्हणून मी सातारला गेले. पुण्यात टेकड्या आहेत, पण त्यांवरच्या वाटा मातीच्या आणि तुटक. मला हवा होता डांबरी, लांबलचक, दम काढणारा घाट. सातारची हिल हाफ मॅरेथॉन ज्या यवतेश्वराच्या घाटातून जाते, तो तसाच आहे. समर्थ मंदिराकडून कासकडे निघालं की रस्ता वर चढायला लागतो आणि यवतेश्वर गाव येईपर्यंत चढतच राहतो.

खरं कारण आणखी एक होतं. ऑगस्टमध्ये माझा उजवा गुडघा बाहेरच्या अंगाने दुखू लागला होता. फिजिओथेरपिस्टबाईंनी धावणं बंद केलं आणि कंबरेचे, मांड्यांचे व्यायाम दिले. सोबतचे सगळे अठ्ठावीस किलोमीटरवर पोचले तेव्हा मी घरात सतरंजीवर आडवी होऊन एकेक पाय वर उचलत होते. त्या दिवसांत धावण्याविषयी कुणी बोललं तरी मला सोसत नसे. पहाटे खिडकीखालून बुटांचे आवाज आले की मी उशी कानावर घ्यायची. धावायला लागल्यापासून सकाळ ही माझी, एकटीची झाली होती. ती काढून घेतली गेल्यावर दिवसाला आकारच राहिला नव्हता. सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा परवानगी मिळाली: चढावर हळूहळू चालेल, उतारावर जपून. मी पिशवी भरली.

शनिवारी उजाडायच्या आत घाटाला लागले. धुकं इतकं दाट होतं की समोरचा अजिंक्यतारा दिसत नव्हता आणि खालचं सातारा शहर म्हणजे नुसता दिव्यांचा पुंजका. ओल्या गवताचा वास, कड्यावरून रस्त्यावर उतरलेल्या पाण्याच्या बारीक धारा, श्वासाचा आवाज. गुडघा काही म्हणत नव्हता. कित्येक आठवड्यांनी मला खूप बरं वाटत होतं.

आणि मग गाड्या सुरू झाल्या. कासला फुलांचा हंगाम होता. पुण्या-मुंबईचे लोक पठारावर लवकर पोचायला पहाटे निघतात, हे मला ठाऊक होतं, पण गाडीत बसून ठाऊक असणं निराळं. पायी असणाऱ्याला वळणावरून अंगावर येणारा तो पांढरा झोत आंधळं करतो. डिपर कुणी देत नव्हतं. काही गाड्यांत गाणी एवढ्या मोठ्याने लावली होती की आतल्यांना हॉर्नही ऐकू गेला नसता. मी कठड्याला चिकटून चालू लागले आणि मनातून संतापले. पश्चिम घाटाची काही ठिकाणं २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरली, त्यांत कास आहे. तेव्हापासून या रस्त्याला हंगामात उसंत नाही.

यवतेश्वरच्या पुढे एका मोरीच्या कठड्यावर दोन मुली बसल्या होत्या. ट्रॅकपँट, वर बाह्या दुमडलेले भावाचे शर्ट असावेत तसे शर्ट. शेजारी गळ्यात शिट्टी अडकवलेले, ताठ कण्याचे एक गृहस्थ उभे. मुलींच्या पायांशी लोखंडी गोळा. मी दम खायला थांबले तशी त्यांतली मोठी म्हणाली, "मावशी, अशा एकदम थांबू नगा. गार पडाल. चालत ऱ्हावा."

पोलीस भरतीच्या मुली होत्या त्या. आज पळणार का, विचारलं तर त्या गृहस्थांनी रस्त्याकडे हात केला. "आज कुठलं पळणं? शनवार-रविवार आमचा बंद. ह्या गाड्यांत पोरी घालू का मी?" त्यांना सगळे मेजर म्हणतात. हवालदार म्हणून सैन्यातून निवृत्त झाले, गाव मिलिटरी अपशिंगे, इकडची सासुरवाडी. "सोमवारी या," ते म्हणाले. "साडेपाचला."

परत उतरताना गुडघा कुरकुरला. रविवारची रात्र काढून सोमवारी दुपारी पुण्याला निघायचं, असं मी तिथेच ठरवून टाकलं.

रविवार विश्रांतीचा. मेजरांच्या तोंडून गावाचं नाव ऐकल्यापासून ते डोक्यातून जात नव्हतं, म्हणून रिक्षा करून अपशिंग्याला गेले. कराडच्या बाजूला जाताना महामार्ग सोडून आत वळायचं. इतर चार गावांसारखं गाव, पण घराघरांतून माणूस सैन्यात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले. शंभर वर्षांपूर्वी इथून निघून परमुलखात मेलेली ती पोरं काय वयाची असतील, एवढंच मला तिथे सुचत होतं. देवळाशेजारच्या मोकळ्या जागेत मुलं उड्या मारत होती, त्यांच्या पाठीवर भरतीच्या अकादम्यांची नावं. संध्याकाळी सातारला परतून पाव किलो कंदी पेढे घेतले आणि लवकर झोपले.

सोमवारी घाट वेगळाच होता. गाडी नाही, झोत नाही. मोरीजवळ पोचले तेव्हा मेजर रस्त्यावर चुन्याची रेघ पुन्हा ठळक करत होते. मोरीपासून देवळाच्या कमानीपर्यंत ४०० मीटर, त्यांनी टेपने मोजून घेतलेले. जाऊन-येऊन ८००. मुलींची परीक्षा तेवढ्याच अंतराची असते. मैदानी चाचणी ५० गुणांची: ८०० मीटरला २०, शंभर मीटरला १५, गोळाफेकीला १५. दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत आलं तर वीसच्या वीस. त्यापुढे टप्प्याटप्प्याने गुण उतरतात. मोठीचा हा दुसरा प्रयत्न. पहिल्या वेळी लेखी पेपर चांगला गेला होता, ग्राउंडला मार खाल्ला.

ती रेघेवर उभी राहिली. बूट स्वस्तातले कापडी, उजव्या अंगठ्याशी शिवलेले. टाका घरचा होता, जाड काळ्या दोऱ्याचा. वेणी तिने शर्टाच्या आत खोचली. मेजरांनी शिट्टी फुंकली आणि ती गेली.

मी बऱ्याच शर्यती पाहिल्या आहेत, पण इतक्या जवळून असं धावणं पाहिलं नव्हतं. आमच्या लांब पल्ल्याच्या धावण्यात बोलायला दम उरतो, आजूबाजूला बघायला वेळ असतो. ८०० मीटर तसे नाहीत. कमानीवरून वळून ती परत निघाली तेव्हा धुक्यात आधी नुसता शर्ट दिसला, मग हात, मग चेहरा. तोंड उघडं, मानेच्या शिरा तटतटलेल्या, ओठांना पांढरा फेस. शेवटच्या पन्नास-साठ मीटरला तिचे खांदे कानांपर्यंत चढले आणि मेजर ओरडले, "खांदं सोड! हात सोड!" तिने सोडले. रेघ ओलांडून ती थांबली नाही. मला शनिवारी सांगितलं होतं तशीच, कमरेवर हात ठेवून चालत राहिली. मग वळून विचारलं, "किती?"

"दोन चौपन."

तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. गेल्या महिन्यात ती तीन मिनिटांच्या वर होती, असं मेजर मला हळूच म्हणाले. तिला मात्र उरलेले चार सेकंदच दिसत होते. धाकटी त्यानंतर पळाली. मग दोघींनी तो चार किलोचा गोळा आळीपाळीने भाताच्या खाचराच्या बांधाकडे फेकला. रुमालात बांधून आणलेले भिजवलेले हरभरे आणि गूळ निघाला. मलाही मूठभर मिळाले. माझ्या पट्ट्यात एनर्जी जेलच्या दोन पुड्या होत्या, त्या तशाच परत आल्या. जेलची चव मला कधीच आवडली नाही, ते मी औषधासारखं घेते. हरभरे मात्र मी मागून घेतले.

"तुमचं किती असतं, मावशी?" धाकटीने विचारलं.

"बेचाळीस किलोमीटर."

दोघी गप्प झाल्या. मोठी बोटांवर हिशोब करत होती. "म्हंजे ह्या बावन्न फेऱ्या आन वर थोडं," ती म्हणाली. "वेळ किती?"

"पाच तासांत बसवायचं आहे."

"पाच तास कोण पळंल?" धाकटी म्हणाली. मोठी तिच्याकडे बघून म्हणाली, "पळतात की. ललिता बाबर पळालेली न्हाय व्हय मुंबईला?"

नंतर मोठीने मला घरी जेवायला नेलं, तेव्हा भिंतीवर ललिता बाबरचं कात्रण दिसलं, पिवळं पडलेलं, चारी कडांना भाताने चिकटवलेलं. माण तालुक्यातलं मोही हे ललिताचं गाव याच जिल्ह्यातलं, पण पार दुष्काळी टोकाचं. इथे कासला पाऊस थांबत नाही, तिथे टँकरची वाट बघतात. २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत ती धावली आणि दहावी आली. ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत भारतीय स्त्री पोचली ती १९८४ मधल्या पी. टी. उषानंतर थेट तेव्हाच. आणि त्याआधी, २०१५ च्या जानेवारीत, मुंबई मॅरेथॉन तिने २ तास ३८ मिनिटं २१ सेकंदांत पूर्ण केली होती. पेडर रोडचा तो चढ धरून. मी हे सांगितलं तेव्हा मुलीची आई चुलीपुढून म्हणाली, "आन मग सायेब झाली ती. उपजिल्हाधिकारी." या घराच्या दृष्टीने कात्रणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच होतं, आणि मला ते पूर्ण पटलं.

नाचणीची भाकरी, घेवड्याची आमटी, मिरचीचा खर्डा, कांदा. भाकरीला तव्यावरचे काळे ठिपके आणि कडेला फुटलेला पापुद्रा. धावून आल्यावर आमटीतलं मीठ जिभेला लागलं की अंग कसं आतून भरून येतं, हे ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. आईने तिसरी भाकरी वाढताना विचारलं, "तुमाला पळून काय मिळतं पर?"

"मला बरं वाटतं," मी म्हणाले.

"मग झालं की," ती म्हणाली आणि आमटी वाढली.

मुलगी सातारला अकादमीत का जात नाही, हेही बोलणं निघालं. फी परवडत नाही आणि पहाटेची एसटी नाही. वर सपाट मैदान म्हणावं असं काही नाही. सड्यावर जांभा दगड, बाकी सगळी उतरती खाचरं. सलग आणि सपाट काय ते ही डांबरी पट्टी. हंगाम सुरू झाला की आठवड्यातले दोन दिवस ती त्यांच्या हातची जाते. गेल्या वर्षी एका गाडीचा आरसा धाकटीच्या दंडाला लागला होता आणि ती चरात पडली होती. गाडी थांबली नाही. तेव्हापासून मेजरांनी शनिवार-रविवार बंद केला.

मी निघाले तेव्हा मेजर घाटाच्या तोंडापर्यंत आले. माझं उतरणं त्यांनी शनिवारी पाहिलं होतं. "मागं झुकून ब्रेक मारत उतरू नगा," ते म्हणाले. "गुडघं जात्याल. पावलं बारीक टाका, पटापट. अंग जरा म्होरं." फिजिओथेरपिस्टबाईंनी हेच शास्त्रातून समजावलं होतं. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, म्हणून तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकतो, आणि लांब टांग टाकली की भार आणखी वाढतो. पण मेजरांनी स्वतः चार पावलं पळून दाखवली, पांढऱ्या मिशा आणि पायात चपला असूनही, आणि ते माझ्या पायांना कळलं. समर्थ मंदिरापर्यंत मी तशीच उतरले. गुडघा गप्प राहिला. खाली अजिंक्यतारा उन्हात स्वच्छ निघाला होता.

जानेवारीत पेडर रोड मी बारीक पावलांनी, न थांबता चढले. मेजरांना फोन केला तेव्हा त्यांनी आधी गुडघ्याचं विचारलं, मग सांगितलं की पोरगी आता दोन एक्कावन्नला आली आहे.

फुलं पाहायला तुम्ही कासला जाल तेव्हा पहाटेच निघा, पठार तेव्हाच सुंदर असतं. पण यवतेश्वरापासून पुढे वेग कमी ठेवा, दिवे डिपरवर करा आणि गाणी बंद करून काचा खाली घ्या. रस्त्यावर चुन्याची रेघ दिसली तर तिथून पुढचे ४०० मीटर डावी कड मोकळी सोडा. तिथे भरतीच्या मुली पळतात, आणि त्यांना शनिवार-रविवारसुद्धा हवे आहेत.