सगळ्यांत कच्चा बंध

मोबाईलच्या ओएलईडी पडद्यावर हिरवं पान दिसतं, तेव्हा तो हिरवा प्रकाश मी बनवतो त्या पदार्थातून येत नाही. उजळणारा रेणू निराळा असतो. बहुधा तो इरिडियमचा, महागडा, आणि थरात शंभराला पाच-दहाच. बाकीचा थर होस्टचा, म्हणजे मी बनवतो त्या पदार्थाचा. विजेचा भार आपल्या अंगावरून पुढे न्यायचा, तयार झालेली ऊर्जा उजळणाऱ्याच्या स्वाधीन करायची, आणि त्या उजळणाऱ्यांची आपसांत दाटी होऊ द्यायची नाही, एवढं त्याचं काम. ते चोख झालं की होस्टची आठवणही कुणाला होत नाही.

माटुंग्याला रंगरसायन शिकत होतो तेव्हा कार्बाझोल भेटला तो जांभळ्या छपाईच्या शाईतून. ग्रेबे आणि ग्लासर यांनी 1872 मध्ये कोळशाच्या डांबरात शोधलेला हा रेणू पुढे माझा रोजचा सोबती होईल, असं तेव्हा वाटलं नव्हतं. रंगाच्या रसायनात रेणूने प्रकाश शोषावा, डोळ्यांत भरावं. होस्टच्या रसायनात त्याने बाजूला राहावं. हात तेच, भट्टी तीच. मन मात्र उलटं वळवावं लागतं.

टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी कोडॅकमध्ये 1987 साली दहा व्होल्टच्या आत उजळणारा सेंद्रिय डायोड दाखवला. पण विजेने जागवलेल्या रेणूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश ट्रिप्लेट नावाच्या उत्तेजित अवस्थेत जातात, आणि साध्या सेंद्रिय रंगांत ती ऊर्जा प्रकाश न देताच मावळते. 1998 मध्ये बाल्डो, थॉम्पसन, फॉरेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लॅटिनमच्या संयुगाने ती प्रकाशात आणली. तिथून होस्टची परीक्षा कडक झाली. पाणी उताराकडे धावतं तशीच ही ऊर्जाही धावते. होस्टची ट्रिप्लेट पातळी उजळणाऱ्याहून खाली असेल तर ती परत होस्टमध्येच शिरते.

सीबीपी या जुन्या होस्टमध्ये दोन कार्बाझोल बायफिनाइलच्या दोन टोकांना असतात. त्याची ट्रिप्लेट पातळी साधारण 2.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट, हिरव्याला पुरते, निळ्याला अपुरी पडते. तेच दोन कार्बाझोल एकाच बेन्झीन कड्यावर मेटा स्थानी बसवले की एमसीपी होतो. इलेक्ट्रॉनांना पसरायला जागा कमी मिळते आणि पातळी 2.9 वर चढते. कागदावर प्रश्न सुटला. पण एवढ्याशा रेणूची काचेसारखी अवस्था साठ अंशांच्या आसपासच मऊ पडते. तापलेल्या पडद्यात रेणू सरकतात, स्फटिक धरतात, थर बिघडतो. म्हणून भारदस्त गट जोडावे, तर रेणू एकमेकांपासून लांब जातात, भार उडी मारायला कचरतो, व्होल्टेज वाढतं आणि त्याबरोबर उष्णताही. एक दोरी ओढली की दुसरी सुटते.

तरीही हे सारं आखता येतं. खरा घोर आहे तो तुटण्याचा. निळ्या फोटॉनची ऊर्जा साधारण 2.7 इलेक्ट्रॉनव्होल्ट, लाल फोटॉनची 2. कार्बाझोलच्या नायट्रोजनला शेजारच्या कड्याशी जोडणारा बंध साडेतीनच्या आसपास तुटतो. म्हणजे निळ्यातही तो सुरक्षित, असं वरवर वाटतं. पण चालू डायोडमध्ये रेणू शांत बसलेला नसतो. दोन उत्तेजित अवस्था एकमेकींवर आदळल्या की दोघींची ऊर्जा एकीकडे जमते आणि पाचाच्या पुढे जाते. रेणूवर जास्तीचा इलेक्ट्रॉन बसलेला असेल तर बंध तोडायला लागणारी ऊर्जाही बरीच खाली येते. बंध सुटला की उरलेले तुकडे गप्प राहत नाहीत. त्यांतून नवे रेणू बनतात, ते भार अडवतात, प्रकाश विझवतात. एक रेणू मेला तरी शेजारचे चांगले रेणू निकामी ठरतात.

म्हणून मी रेणूची सरासरी मजबुती मोजत नाही. सगळ्यांत कच्चा बंध शोधतो, आणि तोही सगळ्यांत वाईट घटकेचा. मग उपाय सुचतात. शक्य तिथे कार्बन-नायट्रोजनऐवजी कार्बन-कार्बन बंध घ्यावा. इलेक्ट्रॉन कार्बाझोलवर न थांबता तो पेलणाऱ्या ट्रायाझिनसारख्या भागावर थांबेल असं करावं. उत्तेजित अवस्था एका अरुंद पट्ट्यात गर्दी करणार नाहीत, अशी ऋण आणि धन या दोन्ही भारांची चाल सारखी ठेवावी. काही जागी हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम बसवतात. जड अणूमुळे बंधाची थरथर मंदावते आणि तो तुलनेने उशिरा तुटतो. अलिबागजवळ थळला अणुभट्ट्यांसाठी जड पाणी बनवायचा कारखाना आहे. त्याच जड हायड्रोजनला पडद्यांच्या धंद्यातही आता मागणी आहे.

रेणू आखणं अर्धंच काम. जोडणीत वापरलेल्या ब्रोमाइडचा अंश मागे राहिला तरी आयुष्य घटतं. म्हणून पदार्थ शुद्ध करावा लागतो. निर्वात नळीत पावडर तापवली की ती वाफ होऊन पुढे थंड भागात पट्ट्या-पट्ट्यांनी बसते. मधली पांढरी पट्टी घ्यायची, कडेची पिवळी सोडायची. आणि मागे राहिलेल्या तळाकडे नीट पाहायचं. कारखान्यात हाच पदार्थ मुशीत दिवसचे दिवस तापत राहतो. तळ करपलेला असेल तर रेणूने आपलं दुखणं आधीच सांगितलेलं असतं.

धंद्यात आयुष्य मोजतात ते प्रकाश मूळच्या 95 टक्क्यांवर यायला किती तास लागतात यावरून. नुसते पाच टक्के, कारण पडद्याच्या एका कोपऱ्यात तेवढी घट झाली तरी डोळ्याला डाग दिसतो. बहुतेक फोनच्या पडद्यांत लाल आणि हिरवा ट्रिप्लेटचा प्रकाश देतात. निळा अजूनही जुन्या, कमी कार्यक्षम वाटेने येतो, तो याच आयुष्यापायी.

या क्षेत्रात येणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगतो. कार्यक्षमतेच्या आकड्यावर भाळू नका. नवा रेणू काढलात की आधी गणितात त्याच्यावर एक जास्तीचा इलेक्ट्रॉन ठेवा, त्याला निळ्याची ऊर्जा द्या, आणि पहिला कोणता बंध सुटतो ते बोट ठेवून दाखवा. दाखवता येत नसेल, तर तो रेणू बनवायला घेऊ नका.