घाटमाथ्याची वाट

चतुर्थी जवळ आली की मुंबईकर चाकरमान्यांच्या वाहनांनी पनवेलपासून माणगावपर्यंतचा रस्ता असा काही अवरुद्ध होतो, की यंदा वृद्ध आई आणि मुलेबाळे यांसह मालवणास जाण्याची तजवीज करताना तो पूर्वीचा १७ आणि आताचा ६६ क्रमांकाचा महामार्ग मी मसलतीतून प्रथमच खारीज केला. पुणे, सातारा, कऱ्हाड करीत घाटमाथ्यानेच कोल्हापूर गाठावे, तेथे रात्रीचा मुक्काम करावा आणि प्रातःकाळी राधानगरी, दाजीपूरवरून फोंडाघाट उतरून कणकवलीस पोहोचावे, असा बेत ठरला. कुंभार्ली आणि आंबा हे घाटही विचारात होते, परंतु ते आपणांस बरेच उत्तरेस, चिपळूण आणि रत्नागिरीच्या अंगाला, उतरवून पुन्हा त्याच गर्दीच्या स्वाधीन करतात. खंबाटकीत थोडा खोळंबा होईल, तो होवो! अंतर वाढते हे निर्विवाद. पण ज्या वाटेवर मनास येईल तेथे थांबून चहा घेता येतो आणि आईला पाय मोकळे करता येतात, तिला लांबची म्हणणे मला अन्यायाचे वाटते. भाद्रपदात घाटांवर धुके आणि दरडी यांचा अंमल असतो, म्हणून रस्ता खुला असल्याची खातरजमा करूनच निघावे, घाट दिवसाउजेडी उतरावा, आणि चतुर्थीच्या आदल्या सायंकाळी प्रस्थान ठेवण्याचा मोह सर्वथा टाळावा.