पडद्यावरील आमचा वर्ग

या शाळेंतील जे विद्यार्थी लवकरच महाविद्यालयांत पाऊल ठेवतील, त्यांस व त्यांच्या पालकांस एक अनुभव सांगावा म्हणून आम्हीं लेखणी हातीं धरली आहे. आम्ही एका महाविद्यालयांत गणित शिकवितों. फळ्यावर सुवाच्य अक्षरांत प्रमेय मांडण्याचा आम्हांस मोठा अभिमान. आय. आय. टी. व बंगळूरची विज्ञानसंस्था यांनीं २००३ सालीं 'एनपीटीईएल' हा उपक्रम आरंभिला व नामांकित अध्यापकांचीं व्याख्यानें सर्वांस खुलीं केलीं. २०१७ सालीं सरकारचें 'स्वयम्' निघालें. परंतु गुरूवांचून विद्या कसली, असें म्हणून आम्हीं तिकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं.

मार्च २०२० मध्यें करोनाच्या सांथीमुळें महाविद्यालयें बंद झालीं, आणि आमचा अभिमान गळाला. पुस्तकांच्या चळतीस मोबाईल टेकवून आम्ही शिकवूं लागलों. समोर काळे चौकोन व त्यांत केवळ नांवें! वर्गांत एखाद्याच्या कपाळावर आठी दिसली कीं आम्ही तीच पायरी पुन्हां मांडीत असूं. येथें आठी दिसणार कोठून? 'समजलें ना?' असें विचारावें, तों कोणी हो म्हणे ना, कोणी नाहीं म्हणे ना.

त्यांत एक विद्यार्थिनी वारंवार नाहींशी होई. आम्ही तिची गैरहजेरी मांडीत गेलों. एकदां सर्वांदेखत टाकूनही बोललों. पुढें कळलें कीं, घरांत मोबाईल एकच व तो बहुधा वडिलांबरोबर कामावर जाई. घरीं असला तरी गांवांत रेंज नसे, म्हणून ती टेकडीवरील देवळाच्या पायरीवर जाऊन बसे. आम्हांस स्वतःची लाज वाटली.

मग आम्ही पंधरा-पंधरा मिनिटांचें ध्वनिमुद्रण व टिपणांचीं छायाचित्रें धाडूं लागलों. चित्रफितीहून त्यांस खर्च फार थोडा. वडील कामाच्या ठिकाणींच तीं मोबाईलमध्यें उतरवून घेत व सायंकाळीं घरीं आणीत. आठवड्यानें तिचा निरोप आला: 'सर, तिसरी पायरी चार वेळां ऐकली, तरी कळत नाहीं. चूक माझी कीं आपली?' चूक आमचीच होती. एक चिन्ह उलटें पडलें होतें. साठांपैकीं दुसऱ्या कोणीही तें दाखविलें नव्हतें. आणि हीच मुलगी पूर्वीं मागल्या बाकावर बसून वर्षभर एक शब्द बोलली नव्हती!

आतां खडू पुन्हां आमच्या हातीं आला आहे. तरी ध्वनिमुद्रण आम्हीं सोडलें नाहीं. अशानें मुलें वर्गास येत नाहींत, असें सहकारी म्हणतात, व कांहीं येतही नाहींत, हें कबूल केलें पाहिजे. परवां मात्र एक विद्यार्थी भर वर्गांत उठून म्हणाला, 'सर, कालच्या ध्वनिमुद्रणांत आपण निराळें सांगितलें होतें.' आम्हीं खडू खालीं ठेवला, व साऱ्या वर्गानें तें मिळून पुन्हां ऐकलें.