ओळख

आमच्या मानोऱ्यांत नवा माणूस आला कीं त्याला पहिला प्रश्न विचारतात, "कोन्या गावचे तुमी?" आणि दुसरा, "कोनाच्या घरचे?" या दोहोंचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं कीं चहा येतो, आणि चहा झाल्यावर तो माणूस ओळखीचा ठरतो. इतक्या स्वस्तांत मिळालेला विश्वास टिकाऊ नसतो असें कोणी म्हणेल. तथापि त्याच भांडवलावर येथील दुकानदार वर्षानुवर्षें उधारी देत आले आहेत, आणि सोयाबीन-तूर विकल्यावर ती बहुधा वसूलही होत आली आहे.

महाविद्यालयांच्या वसतिगृहांतूनही ओळख करून घेण्याची एक रीत आहे. तेथें तिला 'इंट्रो' म्हणतात. शेजारचा मुलगा दोन वर्षांपूर्वीं मोठ्या शहरांत शिकावयास गेला. पहिल्या महिन्यांत वरच्या वर्गांतले विद्यार्थी रात्रीं दोन वाजतां नवागतांना उठवीत, मान खालीं घालून उभे करीत आणि गांवाचें नांव वीस-वीस वेळां म्हणवून घेत. 'मानोरा' या शब्दांत हंसण्यासारखें काय आहे तें मला अद्याप कळलेलें नाहीं. त्याच्या वऱ्हाडी बोलण्यांत मात्र त्यांना तें पुष्कळ सांपडलें. घरून फोन गेला कीं तो म्हणे, "सारं बरं हाये, बाबा."

या प्रकाराचे कैवारी म्हणतात कीं, यानें परकेपणा जातो आणि परस्परांवर विश्वास बसतो. हें म्हणणें अगदींच पोकळ नाहीं. त्याला उभा करणाऱ्यांपैकींच एकानें पुढें आपलीं पुस्तकें त्याला दिलीं, आणि तो तापानें फणफणला असतां दवाखान्यांत नेलें. सन १९५९ मध्यें अमेरिकेंतील ॲरन्सन व मिल्स या मानसशास्त्रज्ञांनीं विद्यार्थिनींवर एक प्रयोग केला. चर्चामंडळांत प्रवेश मिळण्यापूर्वीं ज्यांना अधिक ओशाळवाणी परीक्षा द्यावी लागली, त्यांना तीच कंटाळवाणी चर्चा इतरांहून अधिक रसाळ वाटली! सोसलेलें व्यर्थ गेलें हें मनाला कबूल करवत नाहीं, एवढाच मीं त्याचा अर्थ घेतों. त्याला विश्वास म्हणावयास माझी जीभ धजत नाहीं. आमच्याकडे गोऱ्ह्याला जू शिकवितांना त्याच्या जोडीला जुना, शांत बैल देतात. स्वतः खाल्लेल्या पराणीचा सूड गोऱ्ह्यावर उगवावा अशी बुद्धि त्या बैलाला होत नाहीं. बैलच तो!

महाराष्ट्रांत रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. २ वर्षांपर्यंत तुरुंगवास, १०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि तक्रारीची चौकशी संस्थाप्रमुखानें ७ दिवसांत करावयाची. पुढें २००९ च्या मार्चमध्यें हिमाचल प्रदेशांत अमन काचरू हा वैद्यकीय विद्यार्थी मारहाणीनंतर मृत्यु पावला. त्याच वर्षीं विद्यापीठ अनुदान आयोगानें नियम केले, आणि विद्यार्थी व पालक अशा दोघांचीं प्रतिज्ञापत्रें घेतलीं जाऊं लागलीं. शेजाऱ्यांनींही तसल्या कागदावर, बहुधा मजकूर न वाचतां, सही केली होती. परंतु ही सारी यंत्रणा बहुतेक तक्रारीनें हलते. आणि जो मुलगा बापाला "बरं हाये" म्हणतो, तो तक्रार कोणापाशीं करणार? सारी हकीकत वडिलांना कळली ती दुसऱ्या वर्षीं. ते बराच वेळ गप्प बसले. मग एवढेंच म्हणाले, "मले काहून नाही सांगतलं?" मुलगा खालीं पाहत राहिला.

यंदा तो तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीला घरीं आला तेव्हां मीं त्याला सहज विचारलें कीं, नव्या मुलांचें तुम्हीं काय केलें.

"निस्तं नाव-गाव इचारलं, काका," तो म्हणाला; आणि थोडा थांबून, "उभं करून."