हिरा आणि ओपल: प्रकाशाच्या दोन वाटा

हिरा आणि ओपल, दोन्ही रत्नांतून इंद्रधनुष्याचे रंग उमटतात, पण त्या रंगांचा स्वभाव वेगळा. हिऱ्यातली ठिणगी खडा किंचित हलला की चमकते आणि तत्क्षणी विझते. ओपलमध्ये रंगांचे ठिपकेच्या ठिपके दुधी अंगावर पसरलेले असतात; खडा फिरवला की हिरव्याचा तांबडा होतो, निळा सरकून जातो. या रंगांचे मूळ शोधण्यात भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी बंगळुरूत आयुष्याची कित्येक वर्षे घातली. १९३३ साली ते तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि १९४८ साली त्यांनी स्वतःची संशोधन संस्था उभारली. त्यांनी हौसेने जमवलेला हिऱ्यांचा व इतर खड्यांचा संग्रह हा त्यांच्या संशोधनाचा कच्चा माल होता.

हिरा म्हणजे कार्बन. त्यातला प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना घट्ट धरून असतो. दोन अणूंतले अंतर अवघे ०.१५४ नॅनोमीटर. म्हणून मोह्‌जच्या मापावर त्याचे काठिण्य १०, सर्वांत वरचे. पण कठीण म्हणजे अभंग नव्हे. अष्टफलकाच्या पृष्ठांना समांतर नेमका घाव बसला, तर हिरा सरळ दुभंगतो. त्याचे विशिष्ट गुरुत्व ३.५२. तो उष्णता तांब्याहूनही कितीतरी वेगाने वाहून नेतो, त्यामुळे स्पर्शाला गार लागतो.

ओपल म्हणजे सिलिका आणि पाणी. पाण्याचे प्रमाण बहुधा ३ ते १० टक्के असते. काठिण्य ५.५ ते ६.५, विशिष्ट गुरुत्व साधारण २.१, म्हणजे सारख्या आकाराच्या हिऱ्यापेक्षा तो बराच हलका. अंगातले पाणी उडाले की काही ओपलांना बारीक तडे जातात.

प्रकाशाचे वागणे पाहिले की दोघांतली खरी दरी कळते. हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचे माप, २.४२. आत शिरलेला किरण पृष्ठाच्या लंबाशी २४.४ अंशांहून मोठा कोन करून आदळला, तर तो बाहेर न पडता आतच परततो. कारागीर पैलू पाडतो तो हे गणित साधून: वरून आलेला प्रकाश खालून निसटू नये. शिवाय तांबडा आणि जांभळा किरण हिऱ्यात वेगवेगळे वाकतात. हे अपस्करण ०.०४४ इतके असते आणि त्यातूनच ठिणग्या उडतात. काही हिरे अतिनील प्रकाशात निळे उजळतात. ही दीप्ती बहुतेकदा नायट्रोजनच्या अणूंमुळे येते, आणि रामन यांना तिचे विलक्षण आकर्षण होते.

ओपलचा अपवर्तनांक केवळ १.४५ च्या आसपास. त्याला पैलूंची गरज नसते; तो घुमटासारखा गुळगुळीत घडवतात. मग रंग येतात कुठून? रामन आणि त्यांचे सहकारी ए. जयरामन यांनी १९५३ साली उत्तर दिले: आतल्या नियमित थरांतून. ते थर कशाचे, हे मात्र १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दाखवले. सिलिकेच्या एकसारख्या सूक्ष्म गोळ्या ओळीने रचलेल्या असतात. त्यांचा व्यास साधारण १५० ते ३०० नॅनोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीशी जुळणारा; त्यामुळे विवर्तन होते, म्हणजे वेगवेगळे रंग वेगवेगळ्या दिशांना फाकतात. गोळ्या मोठ्या असतील तरच तांबडा दिसतो, लहान असतील तर निळ्या-जांभळ्यावर भागते. म्हणून तांबड्या छटेचा ओपल दुर्मीळ आणि महाग. अणूंची शिस्त नसलेल्या पदार्थात गोळ्यांची एवढी शिस्त असावी, हे निसर्गातले एक थोर आश्चर्य आहे.

खडा ओळखायला आज प्रयोगशाळेत रामन यांच्याच नावाचा रामन परिणाम, म्हणजे पदार्थातून विखुरताना प्रकाशाच्या तरंगलांबीत होणारा बदल, वापरतात. लेझरचा झोत टाकला की हिरा १३३२ प्रति सेंटीमीटरला एकच टोकदार रेषा देतो, ओपल पसरट पट्टे देतो. आणि घरी, ही दोन रत्ने एका डबीत कधीही ठेवू नयेत. हिऱ्याच्या कडेने ओपलवर उठलेला ओरखडा पुन्हा घासून जिल्हई केल्याशिवाय जात नाही.