नाक्यावर न थांबणारे पाणी

अंबाबाईच्या नाहीतर नरसोबाच्या वाडीला दत्तदर्शनासाठी जाणाऱ्या आपल्या गोव्याच्या माणसाला कोगनोळी ठाऊक असते ती नाक्यामुळे. निपाणी मागे पडली की टोलनाका, मग दूधगंगेचा पूल आणि पलीकडे कागल. कर्नाटक संपले, महाराष्ट्र आला. २०२१ साली कोरोनाच्या दिवसांत आरटीपीसीआरचा दाखला नसेल तर या नाक्यावरून गाडी परत फिरायची. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद तापला, तेव्हाही पोलिसांचा बंदोबस्त इथेच होता. आम्ही सरकारी कारकून. कागद, शिक्का आणि हद्द यांवरच आमचे पोट. पण पुलाखालून नदी मात्र दाखला न दाखवता जाते. वरच्या गावाने तिच्यात काय सोडले, हे विचारणारा नाका कुठेच नाही.

पूर्वी पाणी डोक्यावरून घरी यायचे, म्हणून सांडपाणीही बेताचेच. परसातल्या अळू-केळीला ते पुरायचे. २०१९ पासून जलजीवन मिशनखाली माणशी रोज ५५ लिटर नळाचे पाणी द्यायचे ठरले. चांगलेच झाले, बायांचे हेलपाटे वाचले. पण वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के गटारात जाते, असा इंजिनियरांचा हिशेब आहे. दहा हजार वस्तीचे गाव धरा: रोजचे सांडपाणी ४ लाख ४० हजार लिटर! येणाऱ्या पाण्याला नारळ फुटतो, जाणाऱ्या पाण्याकडे कोण बघतो?

दारात शोषखड्डा खणा, असे सगळीकडे सांगतात. पण निपाणी भागातली तंबाखूची काळी माती ओली झाली की फुगते, पाणी लवकर पीत नाही. खड्डा तुंबतो आणि पाणी गल्लीत येते. आपल्याकडे उलटे. आपला जांभा पाणी झटकन गिळतो, आणि शेजारच्या बांयत नेऊन सोडतो. तिथली घाण निदान डोळ्यांना दिसते, आपली दिसतसुद्धा नाही.

मग काळ्या मातीच्या गावाने काय करावे? उपाय तसा साधा आहे. गटाराचे पाणी जाळीतून घेऊन एका कुंडात गाळ बसू द्यायचा. मग उथळ तळ्यात ते काही दिवस थांबवायचे. उन्हात शेवाळ वाढते, ते प्राणवायू देते आणि त्यावर जगणारे जिवाणू घाण खातात. शेवटी कर्दळ लावलेल्या खडीच्या वाफ्यातून पाणी सोडायचे. विजेचे बिल जवळजवळ नाही. मात्र जागा लागते, आणि गाळ वेळेवर उपसणारा माणूस लागतो. तो नसेल तर तळ्याचे डबके होते. अंदाजपत्रकात बांधकामाचा आकडा भरलेला आणि देखभालीचा रकाना कोरा, अशा फायली आम्ही कारकुनांनी कमी का पाहिल्या आहेत?

हे टाळले की काय होते, ते इचलकरंजीने पाहिले आहे. तिथली पंचगंगा कोल्हापूरच्या आणि स्वतः इचलकरंजीच्या सांडपाण्याने नासली. २०१२ साली शहरात काविळीची मोठी साथ आली, माणसे दगावली. पुढे शहराने कागल तालुक्यातल्या सुळकूड येथून दूधगंगेचे पाणी मागितले, आणि २०२३ मध्ये नदीकाठची गावे विरोधाला उभी राहिली. आपली नदी नासल्यावर दुसऱ्याची मागायची वेळ येते. तहानलेल्याला नाही म्हणणेही सोपे नाही आणि काठावरच्यांची भीतीही खोटी नाही. तीच पंचगंगा पुढे नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि आपण तिथे तीर्थ म्हणून ओंजळ भरतो.

गोव्यात बसून दुसऱ्यांना शहाणपण शिकवायचा माझा विचार नाही. पणजीत टोंकाला सांडपाणी शुद्धीकरणाचा प्रकल्प आहे, तरीही सांतिनेजच्या व्हाळाचा वास आपल्याला परका नाही. म्हादईच्या पाण्यासाठी आपण कर्नाटकाशी वर्षानुवर्षे भांडतो, आणि भांडायलाच हवे. पण पाणी किती येते याच्या जोडीला आपण त्यात काय सोडतो, हा प्रश्नही ग्रामसभेत निघाला पाहिजे. पुढच्या सभेत तुम्ही तो विचारून तर बघा.